क्रमांक बेचाळीस, गैरहजर

म्हांगो सरांनी मला लग्नाचं विचारलं आणि मी हो म्हणाले.

पण तपासणी केंद्रावर परीक्षकांनी कामाखेरीज बोलू नये, असा नियम आहे. तेव्हा असं काही झालेलं नाही. मी सोमवारपासून सांगते. तुम्हीही काही ऐकलं नाही असा चेहरा ठेवा.

सोमवारी आमच्या झोम्बा शहरावर चिपेरोनी उतरली होती. जुलैत ती अशी येते... पाऊस म्हणावं तर थेंब दिसत नाही, धुकं म्हणावं तर स्वेटर पिळावा लागतो. मुलींच्या शाळेच्या जेवणघरात आम्ही साठ शिक्षक सातवीचे निबंध तपासत होतो. विषय, 'मी कधीच विसरणार नाही असा आठवडा'. प्रत्येक निबंध दोघं वाचतात आणि सहापैकी गुण देतात. एकाचा गुण दुसऱ्याला दिसत नाही. दोघांत एका गुणाचा फरक चालतो. त्याहून जास्त पडला, तर दोघांना खिडकीजवळच्या समेटाच्या टेबलाशी बसवतात. एकमत झालं नाही, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बसवतात. (लग्न जुळवायची पद्धत म्हणून वाईट नाही. पण मी काही बोलले नाही.)

दुपारी मला बोलावणं आलं. टेबलाशी एक उंच माणूस गुडघे कुठे ठेवावेत या विचारात बसला होता.

"तुम्ही पाच दिलेत?" त्याने विचारलं.

"तुम्ही दोन दिलेत?"

"शेवट नाहीये. शेवट नसेल तर दोनच्या वर जायचं नाही — सूचना क्रमांक नऊ."

"पण वाक्य बघा ना. 'धुकं खिडकीला गाल लावून बसलं आहे.' बारा वर्षांचं पोर असं लिहितं? पण तुम्ही उत्तरेचे. तुमची चिचेवा भाषा पुस्तकातली, तुम्हाला काय कळणार!"

"पुस्तकातली आहे म्हणूनच शेवट शोधतो. पुस्तकांना असतो." मग तो माझ्या रुमालाकडे बघायला लागला. "ती मंदासी आहे का?"

होती. सकाळी तळलेली, तेलकट, गार. मी ती मोडणार, तेवढ्यात निबंधाच्या कोपऱ्यावर तेलाचा डाग दिसला. मी घाईने पुसायला गेले... डाग वाळलेला होता. जुना. आणि मंदासी मी अजून मोडलीच नव्हती.

डागाच्या वर, सकाळी वाचताना नव्हती अशी एक ओळ होती. 'हिरव्या स्वेटरच्या बाई अर्धी मंदासी देतात. सर मोठी अर्धी घेतात.'

मी मंदासी मोडली. आता करणार काय? म्हांगो सरांनी अर्धी घेतली.

"मोठी नव्हती," ते म्हणाले. आवाज मात्र बारीक झाला होता.

मी उत्तरपत्रिका उलटून शाळा पाहिली. चिल्वा सरोवराकाठची, क्रमांक बेचाळीस. ती परीक्षा मीच घेतली होती. मुलं एकेचाळीस.

"बेचाळिसावा बाक रिकामा होता," मी हळूच सांगितलं. "मुख्याध्यापक म्हणाले, तिथेही पेपर ठेवा मॅडम. दोन वर्षांपूर्वी होडी उलटली तेव्हापासून ती मुलगी येत नाही, पण आई नाव कमी करू देत नाही. गैरहजर मुलाच्या पेपरावर लाल शाईने 'गैरहजर' लिहायचं असतं... मी विसरले. कोराच पाकिटात गेला."

"म्हणजे कागदोपत्री ती हजर होती."

"हो."

म्हांगो सरांनी उत्तरपत्रिका पुन्हा सुलटी केली. "मग लिहिणारच ती. तिचं काय चुकलं?"

मला वाटतं, मी तिथेच गेले. म्हणजे कामातून.

"एकमत?" मुख्य परीक्षक नामालोम्बा मॅडमनी दारातून विचारलं. गुण जुळले की उत्तरपत्रिका पेटीत, पेटीला सील, आणि सहा महिन्यांनी सगळ्या पेट्या जाळतात.

"नाही," आम्ही एकदम म्हणालो. नाही म्हणण्यावर आमचं एकमत होतं.

मंगळवारी एक परिच्छेद वाढला. बुधवारी दुसरा. आम्ही जे बोलायचो ते तिथे आधीच लिहिलेलं असायचं, आणि वरून शेरे. 'सर विनोद करतात. बाई दयेने हसतात.'

"दयेने हसलात तुम्ही?"

"तिला जास्त माहीत."

"तुम्ही तीनवर आलात तर हे संपेल," सर म्हणाले.

"तुम्ही चारवर या की."

"मग उद्या भांडू कुणाशी?"

त्यांनी हे निबंधाकडे बघत विचारलं. माझ्या बाजूचा कान मात्र लाल झाला होता.

गुरुवारची ओळ आम्ही दोघांनी दोनदा वाचली. 'शुक्रवारी अकरा वाजता उत्तरेची बस आहे. सर पिशवी मांडीवर घेऊन बसतात. बाई चष्मा पुसतात. बाई काही बोलत नाहीत. मग —'

पुढे कोरं.

इतके दिवस त्या मुलीचं एक अक्षर चुकलं नव्हतं.

शुक्रवारी पावणेअकराला सर पिशवी मांडीवर घेऊन बसले. खिडकीला गाल लावून धुकं बसलं. आणि माझ्या लक्षात आलं की चष्मा माझ्या हातात आहे, आणि रुमालही.

'मग —' च्या पुढे शाईचा ओला ठिपका होता. पेन टेकवून कुणी विचार करत बसलं की पडतो, तसा.

"ती थांबलीय," सर कुजबुजले.

टेबलाखाली कुणीतरी पाय हलवल्यासारखा आवाज झाला. ओल्या पायांचा. आम्ही खाली पाहिलं नाही. मूल लिहीत असताना त्याच्याकडे टक लावून बघू नये — सूचना क्रमांक चार.

मी चष्मा न पुसताच डोळ्यांवर चढवला. सगळं धूसर. बोलायला बरं पडतं.

"म्हांगो सर... बस चुकवा."

"ही विनंती, की सूचना?"

"सूचना क्रमांक दहा. आत्ताच काढलीय."

"उत्तरेत माझी शाळा आहे. दोन शेळ्या आहेत. आणि आई आहे, तिला दक्षिणेच्या मुली आवडत नाहीत."

"शेळ्यांना आवडतात?"

बाहेर बसचा भोंगा वाजला, एकदा... दोनदा. सरांनी पिशवी मांडीवरून खाली ठेवली.

"माझ्या मामांना तुमच्या मामांकडे पाठवू का?"

आमच्यात लग्नाचं याहून स्पष्ट कुणी विचारत नाही.

"पाठवा," मी म्हणाले. "पण मोठी अर्धी घेणारे पाठवू नका."

ठिपका हलला. आमच्या डोळ्यांदेखत अक्षरं उमटली, सावकाश, रेघ सांभाळून. 'मग बाई बोलल्या. मला वाटलं नव्हतं. सर तोंड उघडं ठेवून हसतात.'

सरांनी तोंड मिटलं.

"आता शेवट आला," मी म्हणाले. "आता पाच द्यावेच लागतील."

त्यांनी पेन उचललं. मग पेटीकडे पाहिलं. मग टेबलाखाली, म्हणजे जिथे आम्ही पाहत नव्हतो तिथे, न पाहता पाहिलं.

"पाच दिले की तिची वेळ संपली," ते हळू म्हणाले. आणि ठळक अक्षरात लिहिलं, दोन. "मला नाही वाटत शेवट आलाय."

इतके कमी गुण इतक्या प्रेमाने मी कुणाला देताना पाहिलेलं नाही. मी खाली पाच लिहिले.

नामालोम्बा मॅडमनी आमच्याकडे पाहिलं, सुटलेल्या बसच्या धुराकडे पाहिलं, आणि उत्तरपत्रिका 'प्रलंबित' लिहिलेल्या खणात टाकली.

आता तीन वर्षं झाली. दर जुलैत आम्हाला समेटासाठी बोलावतात. सर उत्तरेहून बदली करून घेऊन आले, शेळ्यांसकट. आम्ही एकत्र जातो, भांडतो, एकत्र घरी येतो. मी पाच, ते दोन. निबंध एकोणीस पानांचा झालाय, पुरवणी कुणी जोडलेली नाही. या वर्षीच्या पानावर लिहिलंय, 'बाई, सर आणि पाठीवर बांधलेलं बाळ घरी जातात.' आम्ही अजून दोघंच आहोत. घरी आल्यावर मी स्वेटरची बटणं लावून बघितली. खालचं एक लागेना.

पण नवे सचिव आलेत, आणि महिनाअखेर सगळी प्रलंबित प्रकरणं बंद करा, असा त्यांचा आदेश आहे. म्हणून हा अर्ज.

प्रति,
मा. सचिव, परीक्षा मंडळ.

विषय: क्रमांक बेचाळीसला वाढीव वेळ मिळण्याबाबत.

महोदय,
सदर विद्यार्थिनी नियमित हजर असून तिचं लेखन अद्याप सुरू आहे. दोन्ही परीक्षकांत तीन गुणांचा फरक कायम आहे, आणि तो कायम ठेवण्यास दोघेही आजन्म बांधील आहेत. तरी तिला आणखी पंधरा मिनिटं, शक्य झाल्यास पन्नास वर्षं, वाढवून द्यावीत. बाक खिडकीजवळचा असावा. पाय पुसायला काहीतरी ठेवावं. तिच्या आईला कळवावं की मुलगी पेपर लिहिते आहे.

आणि तोवर कुणीही घंटा वाजवू नये, ही नम्र विनंती.