नवमीची सवाष्ण

अविधवा नवमी यंदा रविवारी आली, तरी आमच्या मराठी मंडळातली एकही सवाष्ण जेवायला यायला तयार नव्हती. एकीचं कीटो डाएट, दुसरीची हाइक, तिसरीनं नुसता नमस्काराचा इमोजी पाठवला. एवढं जुनं मंडळ, काय कामाचं? नवऱ्याआधी गेलेल्या बाईसाठी या दिवशी सवाष्ण जेवू घालतात. माझ्या बायकोनं, शीलानं माझ्या आईच्या नवमीला कधी खाडा केला नाही. मग इथल्या, ओंटारिओतल्या लंडनमध्येच शीलाही गेली. जाताना एवढंच म्हणाली, "माझ्यामागे हे बंद पडू देऊ नका."

मी रोमन साम्राज्याच्या सीमेवरचा इतिहास शिकवायचो. ब्रिटनच्या गारठ्यात नेमलेला सीरियाचा सैनिक बायकोच्या थडग्यावर शेवटची ओळ आपल्या मायबोलीत, अरामीत कोरून घ्यायचा, आणि नातवंडांना ती वाचता यायची नाही. वर्गात हे मी रंगवून सांगायचो. आता माझी नात अक्षरा बेसमेंटमध्ये पडून असते. जेवायला हाक मारली की म्हणते, "व्हॉट, आजोबा?"

पान वाढून वाट पाहिली. शेवटी डोकंच फिरलं. दार उघडलं आणि रस्त्याकडे तोंड करून ओरडलो, "जिला कुणी जेवायला बोलवत नाही, तिनं यावं!" समोरचा शेजारी गवत कापायचा थांबला.

हात धुऊन येतो तर पानावर एक बाई बसलेली. अंगावर जाड लोकरीचं पांघरूण, काठ चिखलानं भिजलेला. बाहेर तर लख्ख ऊन होतं. असेल कुणाची तरी पाहुणी, म्हणून मनाची समजूत घातली.

रीतीप्रमाणे कुंकू लावलं. कपाळ पावसात राहिलेल्या पाट्यासारखं गार लागलं. वरण-भात, भाजी, खीर, सगळं ती मान वर न करता जेवली.

"आपण कुठल्या?" मी विचारलं.

ती काहीतरी बोलली. आयुष्यभर दगडांवर वाचलेली अरामी मी पहिल्यांदा कानांनी ऐकली.

मागे जिन्यात अक्षरा उभी होती.

"अक्षू, खाली जा."

ती गेली नाही. पुढे येऊन तिनं भाताचं भांडं उचललं, बाईच्या पानात वाढलं आणि त्याच भाषेत उत्तर दिलं. कुठेही अडखळली नाही.

मला सगळं कळत होतं.

बाईनं विचारलं होतं, "हा म्हातारा गेल्यावर माझं कोण करील?"

"मी आहे ना, आजी," अक्षरा म्हणाली. "दर वर्षी तुलाच जेवू घालीन."

भिंतीवरच्या शीलाच्या फोटोकडे अक्षराची पाठ होती.