निळ्या खाणीच्या काठावर

फेब्रुवारी १९९७. मोहिमेचं उद्दिष्ट एकच. तिसरीच्या चाळीस मुलांना निसर्ग शिकायला नेण्याजोगी जागा दुपारपर्यंत शोधायची. नाहीतर सोमवारी सगळी वरात गुडगावच्या वाटेवरच्या पाळण्यांच्या पार्कात!

अरवलीच्या टेकाडावर तिघं चढत होती. पुढे पर्यावरणाच्या प्रज्ञामॅडम, साडी खोचलेली, पायात कॅनव्हासचे बूट, खांद्यावर दोरखंड. मागे नववीतली अबोली आणि तिच्या वर्गातला सिद्धांत. बंद पडलेल्या दगडखाणीतला निळा तलाव अबोलीनेच सुचवला होता. तोच ठरावा म्हणून तिने घरी देवाला साकडंही घातलं होतं.

काटेरी किकरची झाडं ओरबाडत होती. एक नीलगाय धाडकन आडवी गेली. आणि दर शंभर पावलांवर मॅडम चक्क गुडघ्यांवर चालायच्या!

"मॅडम, कोणी बघेल ना," अबोली कुजबुजली.

"कोण, नीलगाय?" सिद्धांत खिदळला.

"तिसरीचं पोर एवढंच उंच असतं," मॅडम म्हणाल्या. "जागा त्याच्या डोळ्यांनी बघायची."

माथा आला. लांबवर नव्या इमारतींचे सांगाडे, आणि पायाखाली खोल, शांत, निळंशार पाणी! अबोलीचा ऊर भरून आला. मॅडमनी मात्र गुडघे टेकले आणि मान हलवली. "गवताआड कड दिसतच नाही."

"पण एकदम पक्की आहे, मॅडम! हे बघा!"

अबोलीने काठावर उडी मारली. माती सुटली. कड गेली!

ती घसरली, आपटली, आणि फळीएवढ्या दगडावर अडकली. खाली पाणी.

"सिद्धांत, दोर किकरला बांध!" मॅडम पालथ्या पडून वाकल्या. आवाज हजेरी घेतानाचा. "अबोली, दोर कमरेला. गाठ. शाब्बास. आता डावा पाय... उजवा... हात दे!"

ती वर आली!

मॅडम एका शब्दाने रागावल्या नाहीत. जवळच्या कोरड्या नाल्यात तिला बसवून त्या खरचटलेल्या कोपराला आयोडीन लावू लागल्या. अबोलीचं नाक जवळजवळ मातीला टेकलं होतं. तिथे मऊ धुळीत नरसाळ्यासारखे इवले खळगे होते. एक मुंगी काठावरून घसरली. तळात दडलेल्या कुठल्याशा किड्याने तिच्यावर वाळू उडवली! मुंगी धडपडली, पुन्हा घसरली... आणि निसटली. अबोली पुढच्या खळग्यावर वाकली.

"वीस मिनिटं अबोली गप्प!" सिद्धांत घड्याळ बघत ओरडला. "यार, रेकॉर्ड!"

मॅडमनी वही उघडली. "मग, तलाव लिहू?"

"नको," अबोली म्हणाली. "इथेच. पण चाळीस जणांनी खळगे तुडवले तर?"

"दहा-दहाच्या टोळ्या करू. पहिली टोळी कोण नेणार?"

"मी!" अबोली म्हणाली, आणि टोळीची वाट आखायला गुडघ्यांवर निघालीसुद्धा.