बदलीचा शिपाई

लातूर जिल्हा नवा होता तेव्हाची ही गोष्ट. नवा म्हणजे इतका नवा, की कचेरीत टेबलं आली होती पण खुर्च्या यायच्या होत्या, आणि शिक्क्यावर अजून उस्मानाबादचंच नाव होतं. कारकून ते शाईनं खोडायचे आणि बाजूला हातानं लातूर लिहायचे. पोलिसांचीही तीच तऱ्हा. कामावर मरण आलेल्या पोलिसांसाठी मुख्यालयाच्या आवारात स्तंभ उभारायचा होता. दगड येऊन पडला होता, नावं मात्र जुन्या जिल्ह्याच्या गठ्ठ्यांतून वेचून काढायची होती.

त्या यादीत एक नाव बसत नव्हतं. गुरुबसप्पा बिराजदार, शिपाई. दहा वर्षांपूर्वीच्या मोठ्या दुष्काळात शिरगुंडी गावच्या विहिरीची कड ढासळली, तिच्याखाली तो गेला. कागद सांगत होता की त्याची पाळी सकाळी सहा ते बारा होती आणि विहीर ढासळली साडेबाराला. पाळी बाराला संपली, म्हणजे साडेबाराला मेला तो पोलीस नव्हता, रस्त्यानं जाणारा कुणीतरी होता. त्याची बायको नीलम्मा निलंग्याला राहायची. तिनं दर वर्षी एक अर्ज केला होता आणि प्रत्येक अर्जात तीच ओळ होती: माझा नवरा बदलीचा माणूस आल्याशिवाय जागा सोडणारा नव्हता.

साहेबांनी ती फाईल जमादार भुजंगच्या हाती दिली. तुम्ही तेव्हा त्याच ठाण्यात होता ना, म्हणाले, एकदा गावात जाऊन या आणि काय ते कायमचं मिटवून टाका. भुजंग "जी" म्हणाला. वर्दीच्या आतलं साहेबांना कुठून दिसणार?

बदलीचा तो माणूस भुजंगच होता.

त्या काळी ठाण्यात एक सोयीची रीत पडली होती. लांबच्या बंदोबस्ताला जाणारा शिपाई डायरीतली पुढची नोंदही निघतानाच करून जायचा, की अमुक वाजता पोचलो आणि चार्ज घेतला. परत येऊन कोण लिहीत बसणार? सगळेच तसं करायचे, भुजंगनंही केलं. बाराला चार्ज घेतला असं लिहून तो एसटीत बसला आणि अकराला शिरगुंडी फाट्यावर उतरला. तिथून गाव अर्ध्या तासाच्या वाटेवर. ऊन असं, की पाऊल उचलवत नव्हतं. जरा टेकावं म्हणून तो लिंबाखाली बसला आणि त्याचा डोळा लागला. जाग आली ती लोकांच्या धावण्यानं. तोवर सगळं आटोपलं होतं.

खरं सांगितलं असतं तर नोकरी गेली असती. घरात खाणारी सहा तोंडं आणि वर्ष दुष्काळाचं. भुजंग गप्प बसला. गप्प बसायचीही सवय होते माणसाला, तशी त्याला झाली, आणि यथावकाश त्याच्या बाहीवर जमादाराच्या फिती चढल्या.

तर त्या वैशाखात तो पुन्हा त्याच फाट्यावर उतरला. या वेळी लिंबाकडे न बघता तरातरा चालू लागला. आदल्या वर्षी पावसानं हात आखडता घेतला होता. दोन्ही बाजूंनी नांगरून पडलेली काळी रानं भेगाळली होती आणि त्यांवर चिटपाखरू नव्हतं. पोलीस पाटलाचा दोन ओळींचा जबाब घ्यायचा, जुन्याच नोंदीवर नवी सही करायची आणि तीनच्या गाडीनं परतायचं, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं.

गावाबाहेरच्या विहिरीवर बायकांची रांग लागली होती. त्या उन्हाळ्यात भुजंगनं पाण्यावरून फुटलेली डोकी पाहिली होती, झिंज्या धरलेल्या बायका सोडवल्या होत्या. इथं चाळीसएक घागरी एकीमागे एक उभ्या होत्या आणि रहाटाच्या कुरकुरीपलीकडे आवाज नव्हता. विहीर गावानं नव्यानं बांधून काढली होती. तळाच्या ओल्या मातीचा वास वर येत होता आणि त्यात आणखी कसलातरी वास मिसळला होता, ओळखीचा, पण चटकन नाव सांगता येईना.

तेवढ्यात एका नव्या सुनेनं आपली घागर हळूच दोन जागा पुढे सरकवली.

ठक... ठक.

दगडावर काठी आपटावी तसा आवाज. भुजंगनं मान वळवली. विहिरीच्या त्या अंगाला कोणी नव्हतं, नुसतं ऊन होतं. पोरीनं घागर मुकाट्यानं मागे घेतली, "चुकलं, दादा," असं खाली मान घालून पुटपुटली आणि पुन्हा रांगेत उभी राहिली. बाकीच्या बायकांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. भर उन्हात भुजंगच्या अंगावर काटा आला. त्या वासाचं नावही त्याला आठवलं. पट्ट्याच्या पितळी बकलाला लावायच्या पॉलिशचा वास होता तो.

त्याची खाकी बघून रांगेतली एक वयस्क बाई बाहेर आली. साखराबाई तिचं नाव. गुरुबसप्पाच्या चौकशीला आलोय म्हटल्यावर तिनं त्याला जवळच्या बाभळीच्या सावलीत बसवलं आणि स्वतःच्या घागरीतलं पाणी दिलं. तिनं सांगितलं ते असं. त्या दिवशी चौघी जणी वाटीवाटीनं पाणी भरायला विहिरीत उतरल्या होत्या. वरून दगड सुटायला लागले. गुरुबसप्पानं कमरेला दोर बांधला, दुसरं टोक झाडाला आवळलं आणि खाली उतरला. एकेकीला खांद्यावर घेऊन त्यानं वर काढलं. सगळ्यांत शेवटी निघालेली बाई म्हणजे साखराबाई. तिचे पाय काठाला लागले आणि मागे कड त्याच्यासकट खाली बसली.

"त्याच्या आधी मी म्हनले त्याला, बारा वाजून गेले, तुमची पाळी सरली, जावा आता घरला. तर म्हनला, बदलीचा मानूस आल्याबिगर कसं जाऊ?"

हे पंचनाम्यात का नाही, असं भुजंगनं विचारलं. विचारताना त्याला स्वतःचाच आवाज परका वाटला.

"बायांना कुनी ईचारलंच न्हाई, सायब."

मग ती विहिरीकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. देवळातून बाहेर पडताना माणूस मागे वळून बघतो ना, तसं बघत होती. गेल्या दहा वर्षांत या पाण्यावर भांडण झालं नाही, ती म्हणाली. तरण्या पोरी एकट्या पाण्याला येतात आणि आया घरी निर्धास्त असतात. फक्त बाराच्या ठोक्याला सगळ्या बायका विहीर सोडून जातात आणि एक वाजल्यावर परत येतात. सांगता सांगताच रांग हलली. बायकांनी असतील तशा घागरी उचलल्या आणि वाट धरली.

"का?" भुजंगनं विचारलं.

"त्याची बदली यायची येळ हाय ना ती. लई बेचैन असतो त्या टायमाला. रस्त्यापत्तोर जातो, बघतो, माघारी येतो... पुन्हा जातो. पावलं ऐकू येतात." ती थांबली. "लोक म्हनतात, राग हाय त्याला त्या बदलीवाल्याचा. मी न्हाई म्हनत. त्याला घोर लागलाय. पोरगं उन्हात कुठं पडलं की काय, म्हनून."

दहा वर्षं तो गुरुबसप्पाच्या शापाला भीत आला होता. लेक आजारी पडली की त्याला तो शाप आठवायचा, गाडी चुकली तरी आठवायचा. शापाची त्यानं मनाची तयारी केली होती. आपली कोणी काळजी करत असेल याची तयारी त्याच्याजवळ नव्हती, आणि साखराबाईसमोर त्याचे डोळे भरून आले.

तुम्ही व्हा पुढे, तो तिला म्हणाला. मी थांबतो.

साखराबाई गेली. पैंजणं आणि घागरींचे आवाज लांब लांब जात बंद झाले. सावली पायांखाली गोळा झाली. वारा पडला. रहाटाचा दोर मघापासून हलत होता, तो एकदम थांबला. इतकी शांतता झाली की भुजंगला आपल्या कानातलं रक्त ऐकू येऊ लागलं.

मग पावलं वाजली. नाल ठोकलेल्या बुटांची पावलं. विहिरीच्या पलीकडून निघाली, फरशीवरून रस्त्याकडे गेली, तिथं थांबली. बराच वेळ थांबली. मग परत आली, दमलेल्या माणसाची असतात तशी, एक पाय किंचित ओढत. दुसऱ्यांदा गेली. परत आली. धुळीवर ठसा उमटत नव्हता. भुजंगला पळायचं होतं. त्यानं टोपी घातली, पट्टा नीट केला आणि तो वाटेच्या मधोमध जाऊन उभा राहिला.

पावलं तिसऱ्यांदा आली आणि त्याच्यापुढे हातभर अंतरावर थांबली.

पॉलिशचा वास आला. ओल्या चिखलाचा आला. आणि उन्हाळ्यातल्या त्या दुपारी समोरून गारवा आला, तळघरातून यावा तसा. भुजंगनं टाचा जुळवल्या. जमादार असल्याचं तो विसरला.

"शिपाई भुजंग..." त्यानं पुन्हा सुरुवात केली. "शिपाई भुजंग... बदलीला हजर."

मग अगदी कानाशी, मातीनं भरलेल्या तोंडातून यावा तसा शब्द आला.

"तम्मा..."

कानडी घरातला गुरुबसप्पा ठाण्यात फक्त त्याला अशी हाक मारायचा. धाकटा भाऊ म्हणून.

"लई उशीर केलास, तम्मा... पानी पिलास का?"

भुजंगनं मान हलवली. रडू आवरत नव्हतं. "चुकलो," तो म्हणाला. "झोप लागली मला... अण्णा, झोप लागली होती." हे वाक्य त्यानं जन्मात पहिल्यांदा उच्चारलं.

"आसू दे... चार्ज घे."

उजव्या तळव्यावर काहीतरी टेकलं. गुळगुळीत, ओलं, काठीच्या मुठीसारखं. भुजंगनं बोटं मिटली. मुठीत काहीच नव्हतं, तरी वजन होतं. मग पावलं त्याला वळसा घालून रस्त्याकडे निघाली. या वेळी ती थांबली नाहीत. फाट्याच्या वाटेनं, भरभर, दिवसभराचं काम संपलेल्या माणसासारखी गेली आणि ऐकू येईनाशी झाली.

एक वाजता बायका परतल्या तेव्हा भुजंग विहिरीशी ताठ उभा होता. बसा म्हटलं तरी बसला नाही. पाळी सहापर्यंतची होती, ती त्यानं पुरी केली. सहाला त्यानं रस्त्याकडे एकदा पाहिलं, पण त्याच्या बदलीला कोण येणार? मग साखराबाईच्या ओसरीवर बसून त्यानं तिचा जबाब लिहिला, अंगठा घेतला आणि त्याखाली स्वतःचा जबाब लिहिला. नोंद खोटी होती. ती माझी होती. गुरुबसप्पा बिराजदार बदली न आल्यामुळे कामावरच होते.

दुसऱ्या दिवशी परतताना तो निलंग्याला उतरला आणि साहेबांच्या आधी नीलम्माला सगळं सांगितलं. ती दारातच उभी राहून ऐकत होती. शिव्या देईल म्हणून तो मान खाली घालून थांबला. ती म्हणाली, काल दुपारी अंगणात बूट काढल्याचा आवाज आला. बाहेर येऊन बघितलं तर उंबऱ्यावर पाणी सांडलं होतं. दहा वर्षं ती एका ताटाची भाकरी जास्त करत होती. काल रात्री पहिल्यांदा तिला तशी आठवण राहिली नाही आणि शांत झोप लागली.

"उपकार हाय तुझे, तम्मा," ती म्हणाली. "मानूस घरी आला."

साहेबांनी जबाब दोनदा वाचला. काय लिहिलंय ते कळतंय ना, असं विचारलं. कळतंय, म्हणाला. बाहीवरच्या फिती उतरल्या, भुजंग पुन्हा शिपाई झाला आणि मुख्यालयाच्या फाटकावर त्याला पहारा मिळाला. फिती उतरल्या त्या दिवशी तो इतका हलका होऊन घरी आला, की बायकोला वाटलं बढतीच मिळाली.

दसरा झाला आणि स्तंभ उभा राहिला. बिगुल वाजला, बंदुका उलट्या झाल्या, नावं वाचली गेली. गुरुबसप्पा बिराजदार हे नाव शेवटून दुसरं होतं. नीलम्मानं दगडावरच्या अक्षरांना विभूती लावली आणि कितीतरी वेळ हात तिथंच ठेवला. शिरगुंडीच्या बायका जीप करून आल्या होत्या. प्रत्येकीनं आपल्या विहिरीच्या पाण्याचा एकेक तांब्या आणला होता. ते पाणी स्तंभाच्या पायाशी वाहताना बघून भुजंगला भरून आलं. आपल्याला हे बघायला मिळालं, याबद्दल त्यानं मनोमन हात जोडले.

गर्दी पांगल्यावर साखराबाई त्याच्याजवळ आली. रागावलीच होती थोडी.

"एक बोलू का? तुमी आता रोज बारा वाजता येऊन हुबं राहता, लई बरं वाटतं. बाया निर्धास्त हायत्या. पर भाकर घिऊन आलं की मान हलवून नको म्हनता. आमाला परकं समजता का?"

वैशाखातल्या त्या दिवसानंतर भुजंगनं शिरगुंडीत पाऊल ठेवलं नव्हतं. रोज बारा वाजता तो लातूरला, शंभर माणसांच्या देखत, मुख्यालयाच्या फाटकावर उभा असायचा. नीलम्मा त्याच्याकडे बघत होती. मी तिथं नसतोच, हे ओठांवर आलेलं त्यानं गिळलं. उजवा तळवा ओला झाला होता, तो त्यानं हळूच मिटून घेतला.

"उद्या आणा," तो म्हणाला. "खाईन."