कोपऱ्यातलं मशीन

सुबोधची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, चंदीगडला बदली झाली तेव्हा मी काम करणाऱ्या हातांचे फोटो काढत होते. पण इंडस्ट्रियल एरियात कॅमेरा पाहिला की फाटक बंद! कुणाला मी पत्रकार वाटे, कुणाला सरकारी तपासनीस. शेवटी सायकलचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखानदारानं होकार दिला. फोनवर म्हणाला, "सब खींचिए जी. बस, कोने वाली मशीन नहीं."

जानेवारीतली दुपार. धुकं इतकं, की शेडमध्ये भरदिवसा दिवे लागलेले. मॅनेजर नरेंद्रजी मला फिरवत होते. प्रेस मशीनच्या प्रत्येक ठोक्याला पायाखालची फरशी हादरत होती. कोपऱ्यातलं मशीन तेवढं गप्प होतं. त्याच्याजवळ तेलाचा वास विरला आणि मटणाच्या दुकानात येतो तसला ओला, कोमट वास नाकात शिरला.

"यहाँ क्या हुआ था?" मी विचारलं.

"एक बंदे का हाथ फँसा. मर गया." त्यांनी नजर वळवली. "चिल्लाया होगा. मैंने सुना नहीं."

शेजारचा कामगार मान वर न करता पुटपुटला, "सुना था..."

नरेंद्रजी भडकले. "बिजली कटी हुई है इसकी! लो, खींचो फोटो!" म्हणत त्यांनी पंजा सरळ मशीनच्या जबड्यात ठेवला.

मी कॅमेरा डोळ्याला लावला. त्यांच्या मागे एक माणूस उभा होता. एक बाही रक्तानं जड होऊन लोंबत होती. पाय मशीन चालवायच्या पेडलवर होता.

कॅमेरा खाली घेतला. कुणीच नव्हतं.

"नरेंद्रजी... हाथ निकालिए..."

"निकल नहीं रहा..." ते कुजबुजले. "किसी ने... पकड़ रखा है..."

मशीनचा वरचा जबडा कोसळला. मनगटाच्या हाडांचा चुरा झाल्याचा आवाज मी अंगात ऐकला. रक्ताची चिळकांडी माझ्या तोंडावर उडाली. तो उचलला गेला, पुन्हा आदळला. पुन्हा. नरेंद्रजी किंचाळत होते आणि बाकीची मशीनं धडधडत होती. कुणाचेच हात थांबले नाहीत. मी ओरडत मेन स्विच खाली ओढला, तेव्हा कुठे कामगार भानावर आले.

पहारी घालून त्यांनी जबडा उचलला. नरेंद्रजी मनगटापाशी सुटले, बेशुद्ध.

आत दोन पंजे होते. बोटांत बोटं घट्ट अडकलेली.

सगळ्यांनी एकमेकांचे हात पाहिले. शेडमध्ये दुसरं कुणीच जखमी नव्हतं.

इस्पितळात डॉक्टरांनी ते पंजे सोडवायचा खूप प्रयत्न केला. मग नर्सनं बाहेर येऊन मला हळूच विचारलं, "दूसरा पेशंट कहाँ है? उसका हाथ भी अभी गरम है..."