शीतगृहातलं सत्त्याहत्तर साल

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. मी शपथा घेत बसणार नाही.

पण हे माझ्याच बाबतीत घडलंय. तेही भर दुपारी, इराणातल्या दमावंदजवळच्या सफरचंदांच्या एका शीतगृहात. आमचं तेराशे नव्व्याण्णव साल संपून चौदाशे लागलं, त्या दिवशी.

मी इरज. जुने कॉम्प्युटर दुरुस्त करतो. बाकीचे ज्याला हात लावत नाहीत, तो डबा माझ्या गळ्यात येतो.

सगळ्या जगाची ती दोन शून्यांची भानगड दोन हजार साली आली आणि गेली. आमची मात्र एकवीस वर्षं उशिरा आली. आमच्याकडच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये सालाचे शेवटचे दोनच आकडे ठेवलेले, आणि पुढचं 'तेरा' कायमचं चिकटवलेलं. शतक बदलेल हे लिहिणाऱ्यांच्या डोक्यातच आलं नाही! म्हणजे नव्व्याण्णव संपलं की शून्य शून्य. मशीनच्या मते तेराशे साल. शंभर वर्षं मागे.

हाजी फतहुल्लांच्या शीतगृहात असलंच एक विंडोज ९८ होतं. गारव्याची सगळी यंत्रं तेच चालवायचं. मी उन्हाळ्यापासून कानीकपाळी ओरडत होतो.

"अरे इरजजान, अर्धं साल पडलंय अजून. चहा घे."

दर वेळी चहा. काम शून्य.

आणि सालाच्या शेवटच्या दिवशी सकाळी यांचा फोन!

"ये रे बाबा. आज रात्री यंत्रं बंद पडली तर नवरोजच्या सुट्टीत कुत्रं फिरकायचं नाही. माझी सफरचंदं कुजतील."

तहान लागल्यावर विहीर खणणारा माणूस.

माझा जीव मात्र घरात अडकला होता. साल पालटणार होतं त्याच दुपारी, एक वाजून गेल्यावर. त्या क्षणी माणूस जिथे असेल, तिथेच वर्षभर राहतो, असं आमच्याकडे म्हणतात. मी यावर हसायचो. माझी आई, मामान, हसायची नाही. माझे बाबा ट्रक चालवायचे. एका नवरोजला त्या क्षणी ते रस्त्यावर होते. त्याच वर्षी ते रस्त्यावरच गेले.

आता तिला मीच एकटा. डोळ्यांत मोतीबिंदू. त्यात करोना, म्हणजे कोणी येणार नाही, जाणार नाही. जमिनीवर चादर अंथरून नवरोजच्या शुभ वस्तूंचा हफ्तसीनचा सुफरा तिने चाचपडत चाचपडत मांडला होता. गहू, लसूण, शिरका, सफरचंद, आरसा, सगळं.

"मामान, हा गेलो आणि आलो."

"साल पालटायच्या आत येशील? शब्द दे."

दिला.

शीतगृहात पोचलो तर हाजी टोपी घालून निघायच्या तयारीत.

"मी निघतो. नातवंडं वाट बघतायत. जाताना दार ओढून घे."

"माझीही आई वाट बघतेय, हाजीआगा!"

"मग तोंडाऐवजी हात चालव."

गेला. मी, तो डबा आणि फळीवर खरखरणारा रेडिओ, एवढेच उरलो.

प्रोग्रॅम नव्याने लिहायला वेळ नव्हता. पण एक पळवाट असते. घड्याळ सरळ मागे न्यायचं. मशीनला सांगायचं, बाबा रे, हे एक्काहत्तर साल आहे, गप चालू राहा. सुट्टी संपली की नीट बघता येतं.

मी टाकलं, ७१.

पडद्यावर आलं... ७७.

बोट घसरलं असेल. पुन्हा ७१ टाकलं.

७७. सालाचा शेवटचा दिवस.

आतली बॅटरी बदलली. मशीन बंद करून चालू केलं. ७७. मग चिडून नुसतीच शून्यं टाकली. तेराशे तरी दाखव, मेल्या!

७७.

डोक्यात तिडीक गेली. कीबोर्ड आपटला. इतक्या वर्षांत मशीनने मला चुकीचं साल खूपदा दाखवलंय. पण प्रत्येक चुकीला कारण असतं. याला काही कारणच नव्हतं.

आणि मग...

यंत्रं थांबली.

तिथली घरघर कधी थांबत नाही. इतकी सवय होते की ऐकूच येत नाही. ती गेली तेव्हा कान दुखावे अशी शांतता झाली. रेडिओही गप्प.

त्या शांततेत...

ठक.

...ठक.

मागच्या थंड खोलीच्या दारावर. आतून.

"कोण आहे?"

ठक.

माझी पहिली चीड हाजीवरच. माणूस आत राहिला आणि हा कुलूप लावून सुफऱ्यावर जाऊन बसला! धावत गेलो, मुठीला लोंबकळून ते जाड दार ओढलं.

आत कोणीच नव्हतं.

पेट्या. फक्त सफरचंदांच्या पेट्या, छतापर्यंत. मी थोडा आत गेलो. "बाबा, बाहेर या, घाबरू नका," म्हणालो.

तेवढ्यात समोर वाफ दिसली. थंडीत तोंडातून निघते तशी.

माझ्या तोंडावर मास्क होता.

ती वाफ माझ्या खांद्याच्या मागून येत होती...

मला वळता आलं नाही. खरं सांगतो, मान हललीच नाही. मग कोणीतरी मला घासून गेलं, दाराबाहेर, घाईघाईत. उशीर झालेला माणूस जातो तसं. माझी बाही दंडापर्यंत गोठून कडक झाली होती.

बाहेर तोफ धडाडली.

रेडिओवरची. पाठोपाठ सनई-नगारे. साल पालटलं होतं.

पण हे कसं शक्य होतं? मी आत गेलो तेव्हा घरी पोचून चहा पिण्याइतका वेळ हातात होता. मी आत किती वेळ होतो?

यंत्रं घरघरायला लागली. मी धडपडत पडद्याजवळ आलो.

तिथे लिहिलं होतं, १४००.

पूर्ण चार आकडे. त्या प्रोग्रॅममध्ये चार आकड्यांना जागाच नाही. मला रडू आलं, भीतीने नाही, संतापाने. शब्द मोडला होता. मामानला फोन लावला.

"मामान, माफ कर, मी..."

"इरज? अरे, शेजारी बसून फोन कसला करतोस? मस्करी पुरे!"

फोन ठेवला तिने.

गाडी कशी चालवली ते आठवत नाही. घरात मामान एकटीच होती, सुफऱ्यापाशी. चेहरा असा फुललेला की बाबा गेल्यापासून मी तसा पाहिला नव्हता.

"कुठे गेला होतास मधेच उठून? तुझ्यावरून जीव ओवाळते, इरज, शब्द पाळलास! पण हात किती गार रे तुझे. किती चोळले, ऊबच येईना."

तिच्या शेजारची गादी ओली होती. सुफऱ्यावरच्या सफरचंदाचा एक घास खाल्लेला.

"मी... काही बोललो?"

"एकच. कोणतं साल लागलं, मामान? मी म्हटलं, चौदाशे. तर रडायलाच लागलास, वेड्या. मांडीवर डोकं ठेवून."

मी तिला काही सांगितलं नाही.

सुट्टी संपल्यावर हाजीला गाठलं. आधी त्याने चहा मागवला. मी सत्त्याहत्तर म्हटलं, तेव्हा त्याचा हात थांबला.

"खुदादाद," तो म्हणाला. "हे मशीन त्यानेच बसवलं होतं. सत्त्याहत्तरच्या शेवटच्या दिवशी यंत्रं थांबली, तो बघायला आत गेला, दार लागलं. आम्ही सगळे घरी होतो रे, नवरोजला. त्याची आई सुफऱ्यापाशी बसून राहिली..."

"आणि हे माहीत असून तुम्ही मला तिथे एकटा सोडून गेलात?"

हाजीने चहाचा पेला माझ्याकडे सरकवला. मी तो तसाच ठेवून उठलो.

मशीन अजून बिनचूक चालतंय. मी त्याला पुन्हा हात लावला नाही.

पण आता मी त्या म्हणीवर हसत नाही. साल पालटताना जो जिथे असतो, तो तिथेच राहतो. मी शीतगृहात होतो. तो माझ्या घरात होता.

वर्ष कधीच उलटलं. तरी संध्याकाळी घरी आलो की मी आधी बेल वाजवतो. किल्ली खिशात असते, पण ती लावायला हात धजत नाही.

कारण बेल वाजली की आतून मामान ओरडते, अगदी आनंदात...

"इरज, बघ रे कोण आलंय!"