बांधावरचा पाचवा दगड

दगड पाच कमी पडले, तिथून सुरू झालं सगळं.

सुट्टी लागली म्हणून मी घरी गेले होते ना, मोलोकाई बेटावर. उइलानीच्या, म्हणजे माझ्या ताईच्या मुलाचा पहिला वाढदिवस. आता पहिल्या वाढदिवसाचा लुआऊ, म्हणजे गावजेवण, केवढं असतं ते तुम्हाला सांगायला नको, लोक लग्न एक वेळ साधं करतील. त्यातून मकोआ आमचा सातव्या महिन्यात जन्मलेला. सहा आठवडे इथे होनोलुलूत काचेच्या पेटीत होता. नळ्या, सुया, सगळं. त्याने वर्ष काढलं हेच खूप होतं. ताई वर्षभर त्याला सोडून धड आंघोळीला गेली नसेल. तिचं एकच म्हणणं होतं, लुआऊत काही चुकायला नको. "हे वर्ष नीट पार पडू दे, मग मी झोपते," म्हणाली.

आणि इमू, डुक्कर भाजायची खड्ड्यातली भट्टी, होती माझ्याकडे.

हसू नका. चाळीस वर्षं आमच्या घरची इमू केओकीमामाने लावली, पण गेल्या नोव्हेंबरात त्याची डावी बाजू गेली. आता तो आंब्याखाली खुर्ची टाकून बसतो आणि नुसत्या तोंडाने काम करतो. पोनो, माझा मावसभाऊ, त्याच्याबद्दल मामा म्हणतो, ह्याला दूध तापवायला दिलं तरी करपवेल. म्हणून मी.

"काय गं होनोलुलूवाले," मामा म्हणाला, "दगड बघितलेस का?"

आमच्या इमूचे दगड घरचे आहेत, आजोबांच्या आजोबांपासूनचे, आणि मामा एकेकाला चेहऱ्याने ओळखतो. पण दर वेळी आगीत तापून तापून काहींचा भुगा होतोच. पाच गेले होते.

"वर घळीत जा. हलके, भोकाभोकांचे बघून आण. आणि कोरडे. पाणी प्यायलेला दगड आगीत फुटतो. कोणाचा डोळा जाईल ते विचारून नाही फुटत."

घळीपर्यंत दीड तासाचा चढ. शुक्रवारची दुपार, आणि मी सकाळपासून अळूची पानं धुवून वैतागले होते. म्हटलं, आधी तळ्यात एक डुबकी मारू. आमच्या घरासमोर रस्ता आणि रस्त्यापलीकडे लगेच माशांचं तळं. म्हणजे समुद्रातच अर्धगोल दगडी बांध घातलेला, इतका जुना की कोणी घातला ते कोणाला माहीत नाही. ओहोटी होती. गाळाचा वास येत होता. समोर लानाई बेट निळं, झोपल्यासारखं. आणि बांधावर एका जागी पाच दगड, सुटे, कोणीतरी काढून ओळीने ठेवल्यासारखे. हलके, भोकाभोकांचे, उन्हात खडखडीत वाळलेले.

आता बांधाचा दगड तळ्याच्या राखणदारणीला विचारल्याशिवाय हलवायचा नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पाण्याकडे तोंड करून उभं राहायचं, मोठ्याने विचारायचं, थोडं थांबायचं. मलाही माहीत होतं. पण तिथे एकटीने उभं राहून कोणाशी बोलायचं, आणि रस्त्यावरून कोणी बघितलं म्हणजे? मी पाचही हातगाडीत घातले आणि मामाला सांगितलं, घळीतले.

"लवकर आलीस," मामा म्हणाला.

"पळत गेले."

त्याने एक भुवई वर केली. तेवढीच होते त्याची हल्ली.

शनिवारी सकाळी सहाला मी खड्ड्यात विलायती बाभळीची लाकडं पेटवली. मनात एकच, फुटतोय आता. प्रत्येक चट आवाजाला मी मागे सरायची आणि पोनो म्हणायचा, "लाकडाला भितेस होय गं?" पण काही फुटलं नाही. दोन तासांनी लाकडं बसली, पोनोने पहारीने दगड सारखे केले. सगळे राखेने पांढरे, भेगांतून लाल.

एक काळाच होता, बांधावरच्या पाचांतला.

मी फावड्याने त्याला कडेला घेतलं. त्याच्यावर राखसुद्धा बसली नव्हती. हातातल्या ओल्या पानाचं पाणी शिंपडलं. बाकीच्या दगडांवर ते चर्र करून उडून गेलं. ह्याच्यावर थेंब तसाच राहिला, गोल, थरथरत. मग मी हात जवळ नेला. मग लावला.

माठाच्या बुडासारखा गार. खालून ओला.

"पोटातले दगड कुठायत?" मामा ओरडला. डुक्कर तयार होतं, पोट फाडून टी नावाच्या झुडपाच्या रुंद पानांवर उताणं ठेवलेलं. भोवती दहा-बारा माणसं हात पुसत उभी. पोटात पाच दगड जातात, सगळ्यांत तापलेले, म्हणजे आतून शिजतं. आता मी म्हटलं असतं की एक गार आहे, तर मामा विचारणार, बघू कुठला. मी चार लाल उचलले, आत टाकले. पाचवा फावड्यावर होताच. तोही टाकला.

मग ठेचलेले केळीचे खांब, पानं, डुक्कर, अळूत बांधलेल्या मांसाच्या पुड्या, पुन्हा पानं, ओली गोणपाटं, वरून माती. झालं. आता चार वाजेपर्यंत कोणी काही करू शकत नव्हतं.

तुम्हाला वाटेल दिवस वाईट गेला असेल. नाही हो. इतका छान दिवस होता. वारा होता, लोक गाड्या भरभरून येत होते, कोणी खेकडे आणले, कोणी खोबऱ्याच्या वड्या, मावश्यांनी मकोआच्या गळ्यात एवढे हार घातले की नुसते दोन डोळे दिसत होते. युकुलेले वाजायला लागली. मामा येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता, "इमू ह्या पोरीची आहे. कच्चं लागलं तर तिला नावं ठेवा, चांगलं लागलं तर मला." सगळे हसायचे. मीही. आणि हसताना दर वेळी मला पोटातला तो दगड आठवायचा. अडीचशे माणसं, ताईचं वर्ष, आणि मधोमध कच्चं मांस.

दोनच्या सुमाराला रस्त्याने एक बाई चाललेली दिसली. तळ्याच्या बाजूने.

"मावशी, जेवायला या," मी हाक मारली. जाणाऱ्याला हाक मारायचीच असते, आपण काही विचार करून मारत नाही.

ती आली. फुलाफुलांचा ढगळ झगा, गुडघ्यापर्यंत ओला. केस कमरेखाली, तेही ओले. भांग मधोमध, दोरी धरून पाडल्यासारखा सरळ. ती टेबलांकडे गेलीच नाही. आली आणि इमूच्या मातीवर बसली.

"मावशी, भाजेल तुम्हाला."

"कुठे भाजतंय," ती म्हणाली. तिने तळहात मातीवर ठेवला, आजाऱ्याच्या कपाळावर ठेवतात तसा. "कधी उघडणार?"

"चारला."

"तीनला उघड. झालंय."

"मधे कच्चं असेल," मी म्हणाले. दिवसभर कोणाला बोलले नव्हते, तिला कसं बोलले माहीत नाही.

"नाही. ते बघितलंय मी."

तेवढ्यात ताई आली, मकोआ कडेवर. परक्या माणसाने नुसतं बघितलं तरी रडणारं पोर ते. त्याने दोन्ही हात पुढे केले. आणि ताईने, माझ्या ताईने, त्याला तिच्याकडे दिलं. "धरा हं जरा, भात बघून येते," म्हणाली आणि गेली. मागे वळूनही बघितलं नाही.

ती बाई केसांतून बोटं फिरवत होती, एका हाताने. दुसरा त्याच्या पाठीवर. केसांतून पाणी ठिबकत होतं, मातीवर पडत होतं, आणि मातीतून वाफ येत नव्हती.

"पाण्यात नाही नेलंत ह्याला?"

"छाती नाजूक आहे त्याची. ताई भिते."

"बांधाला भोक पडलंय," ती म्हणाली. "मासे जातात."

"मी विचारायला हवं होतं," मी म्हणाले.

"विचारलं असतंस तर ने म्हटलं असतं. म्हणून तर काढून ठेवले होते."

"आता विचारू?"

"आता माझी पाळी." तिने मकोआकडे बघितलं. तो तिची ओली बट मुठीत धरून चोखत होता. "ह्याला एकदा पोहायला आणशील?"

तिकडे कोणीतरी गाणं संपवलं, टाळ्या झाल्या.

तिला घाई नव्हती.

मी हो म्हटलं असतं, खरं सांगते. आदल्या दिवशी दगड उचलले तसं, पटकन, सुटावं म्हणून. पण तो काही माझा नव्हता.

"मला नाही सांगता येणार," मी म्हणाले. "त्याच्या आईला विचारायला लागेल."

ती हसली. छान हसली. "बघ. येतं की तुला विचारायला."

तिने त्याला माझ्याकडे दिलं आणि उठून रस्ता ओलांडून गेली. जेवली नाही. मकोआच्या पाठीवर तळहाताएवढं ओलं होतं.

मी मामाकडे गेले. म्हटलं, तीनला उघडते.

"चार ठरलंय."

"तीनला झालंय."

"कोण म्हणतं?"

मी रस्त्याकडे बघितलं. मामानेही बघितलं. मग म्हणाला, "उघड."

माती ओढली, गोणपाटं उचलली, वाफ आली आणि तो वास. मांस हाडावरून आपोआप सुटत होतं. मावश्यांनी बोटं चाटली, मामा म्हणाला, "माझीच भाची." पोनो पोटातले दगड काढायला लागला.

"चारच आहेत," तो म्हणाला. "पाच घातले होते ना?"

"चार घातले असतील," मामा म्हणाला.

पाचव्याच्या जागी मांसात वाटीएवढा खळगा होता, गुळगुळीत. त्यात स्वच्छ पाणी. मी बोट बुडवून चाखलं. खारट. आणि गार.

जेवताना मी मामाशेजारी बसले. पोईचं, म्हणजे अळूच्या कंदांच्या लगद्याचं, मोठं भांडं मधे उघडं होतं. पोई उघडी असताना कोणी कोणावर रागवायचं नसतं, म्हणून मी तेव्हाच सगळं सांगून टाकलं. दगड, बांध, बाई, सगळं.

"हुशार आहेस," मामा म्हणाला. "भांडं उघडं बघून बोलतेस." त्याने दोन बोटांनी पोई घेतली, सावकाश खाल्ली. "मग? आईला विचारलंस त्याच्या?"

नव्हतं विचारलं. उठले आणि विचारलं. ताई पानं गोळा करत होती, वर्षात पहिल्यांदा खांदे खाली सोडून.

"ती ओल्या केसांची मावशी म्हणत होती, मकोआला एकदा पोहायला आणा."

"हो, नेऊ की," ताई म्हणाली. मी ऐकतच राहिले. "तिला नाही कशी म्हणू? तिने इतकं केलंय त्याचं."

"तू ओळखतेस तिला?"

"अगं, हॉस्पिटलातली. तो पेटीत होता तेव्हा रोज यायची ना. काचेवर हात ठेवून उभी राहायची, तो हात असला की हा झोपायचा. नर्स असणार. मला गंमत वाटायची, केस कायम ओले तिचे. ड्युटीवर यायच्या आधी न्हात असेल."

त्या रात्री ताई दहा तास झोपली.

रविवारी सकाळी आम्ही तळ्यावर गेलो. मी बांधाचे उरलेले चार दगड नेले. पाण्याकडे तोंड करून उभी राहिले, मोठ्याने विचारलं, परत लावू का. थांबले. मग लावले. भोकात पाच दगडांची जागा होती आणि पाचवा आधीच बसलेला होता, घट्ट, अर्धा पाण्यात. मी हात लावला. गरम. चांगला चटका बसेल इतका गरम, आणि तुपकट, डुकराच्या चरबीने.

मी दोन्ही हात त्याच्यावर ठेवून बसले. का ते माहीत नाही, बरं वाटत होतं.

माझ्यापुढे दोन हातांवर ताई कमरेएवढ्या पाण्यात होती. तिने मकोआला हळूच पाण्यावर धरलं. तो हसत होता. मग तिने एक हात काढला. मग दुसरा.

तो तरंगत राहिला. उताणा, निवांत, पाठीखाली कोणाचा तरी हात असल्यासारखा.

ताई हसत होती. मीही.

त्याच्या ओल्या केसांत कपाळापासून एक रेघ उमटली. ती सावकाश मागे सरकत गेली, मधोमध, दोरी धरून पाडल्यासारखी सरळ.

"भांग काय छान पाडलास गं," ताई म्हणाली. "कधी पाडलास?"

माझे दोन्ही हात अजून दगडावर होते.