जोडीची रांग

आमच्या वसाहतीच्या शाळेचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं, ते मी लेखक आहे म्हणून नव्हे. मी आयुष्यभर जमिनी मोजल्या. भावाभावांच्या भांडणात उभा राहून, शिव्या खाऊन, बांध कुठे आहे ते सांगितलं. शाळेची शंभरी जवळ आली तेव्हा समितीच्या बैठकीत कोणीतरी म्हणालं, "हा माणूस वीतभर जास्त सांगायचा नाही आणि वीतभर कमीही सांगायचा नाही. यालाच लिहू दे." मला ते आवडलं. खोटं कशाला बोलू, खूपच आवडलं.

शाळा तुम्ही कुठेही पाहिली असेल तशी आहे. लाल विटांच्या खोल्यांची एक लांब ओळ, पुढे पडवी, पडवीच्या टोकाला पाण्याचे नळ, त्यांतला एक कायम गळका. समोर मैदान. हे मैदान रस्त्यापेक्षा पुरुषभर खाली आहे, त्यामुळे शाळेतून रस्त्यावर जायला एक चढण चढावी लागते आणि चढणीच्या माथ्यावर लोखंडी फाटक आहे. मैदान खाली का, याचं उत्तर मी पहिल्याच आठवड्यात शोधलं. इथे पूर्वी वीटभट्टी होती. भट्टीच्या कामगारांनी दिवसा विटा पाडल्या आणि संध्याकाळी त्यातल्याच विटांनी आपल्या पोरांसाठी शाळा बांधली. माती जिथून काढली तो खड्डा शाळेच्या दारात होता. पावसाचं पाणी त्यात साचून राहायचं. पुढे तो अर्धामुर्धा बुजवला आणि त्याचं मैदान झालं.

या खड्ड्यामुळे मला जोडीच्या रांगेचाही उलगडा झाला. आमच्या शाळेत शेवटची घंटा झाली की पोरं सैरावैरा धावत नाहीत. दोघादोघांनी हात धरायचे, रांगेने मैदान ओलांडायचं, चढण चढायची. फाटकाशी आल्यावर जोडीतल्या एकाने विचारायचं, "सुटलो?" दुसऱ्याने म्हणायचं, "सुटलो!" मग हात सोडायचे आणि उधळायचं. मुलं विषम असली तर उरलेल्याचा हात बाई धरतात. ही पद्धत शाळेइतकीच जुनी आहे. कोणालाही कारण विचारा, उत्तर एकच: "पहिल्यापासून आहे."

मी म्हटलं, अहो, दारात पाण्याचा खड्डा, वर लहान पोरं! हात धरूनच नेणार ना! हातच्या कांकणाला आरसा कशाला? एक अख्खं प्रकरण मी यावर लिहिलं. मुख्याध्यापिका बाईंना वाचून दाखवलं.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "पण खड्डा बुजून कितीतरी वर्षं झाली."

"सवय राहते बाई. माणूस चष्मा काढला तरी नाकावर बोट नेतोच."

त्या हसल्या. मात्र खिडकीतून मैदानाकडे बघत राहिल्या.

आता भिंगरीबद्दल सांगतो, कारण हे सगळं तिच्यापाशी येऊन ठेपतं. भिंगरी म्हणजे माझी नात. जावई गेल्यावर माझी लेक तिला घेऊन माझ्याकडे राहायला आली. लेक इस्पितळात परिचारिका आहे, पाळ्या सांभाळून तिची दमछाक होते. भिंगरीला पहिलीत घातलं. वर्गात सगळ्यांच्या जोड्या आधीच जमलेल्या. ही आली आणि मुलं विषम झाली. रोज बाईंचा हात धरून रांगेच्या शेपटाला चालायची. घरी येऊन दप्तर फेकायची आणि रडायची. "सगळ्यांना जोडी आहे. मलाच नाही."

लेक एकदा जेवताना म्हणाली, "बाबा, सत्र संपेपर्यंत बघते. नाही रुळली तर तिच्या आत्याकडे ठेवते. तिथे आतेभावंडं तरी आहेत."

मी ताट बाजूला सारलं. घरात त्या पोरीचा आवाज यायला लागल्यापासून मी पुन्हा माणसात आलो होतो. ती गेली असती तर मी आणि भिंतीवरचं घड्याळ, एवढेच उरलो असतो.

आणि मग एका दुपारी भिंगरी उड्या मारत आली. "आजोबा, मला जोडी मिळाली!"

"अरे वा! नवीन मुलगी आली का वर्गात?"

"नवीन नाही. ती मागे बसते."

मला हायसं वाटलं. दुसऱ्या दिवशी बाईंचे आभार मानायला गेलो. पहिलीच्या बाई तरुण आहेत, तोंडावर कायम खडूची पूड. त्या गोंधळल्या.

"नवीन कोणी नाही आलेलं काका. ती माझा हात घेत नाही एवढंच. म्हणते, जोडी आहे. उजवा हात असा बाजूला धरून एकटीच चालते." आवाज उतरवून त्या म्हणाल्या, "आमच्याकडे होतं असं अधूनमधून. जुन्या बाईंनी मला सांगून ठेवलंय, काही बोलायचं नाही. फाटकाशी सुटलो म्हणते आणि संपतं."

मी मान डोलावली. एकटी मुलं मनातल्या मनात सोबती तयार करतात, हे मला ठाऊक होतं. उलट मी तर म्हटलं, पोरगी हुशार आहे, बाजारात मिळेना तर घरी बनवलं.

त्याच सुमारास शिंपीकाकांकडे गेलो. शाळेच्या सर्वांत जुन्या विद्यार्थ्यांपैकी हे एक, आणि जिभेला हाड नसलेला माणूस. दुकानात यंत्राचं चाक फिरवत त्यांनी मास्तरांच्या नकला केल्या, मला हसवून हसवून बेजार केलं. उठता उठता मी सहज जोडीच्या रांगेचं विचारलं.

चाक थांबलं.

"मी विषम होतो," ते म्हणाले. "दुसरीत. वर्षभर."

"मग मास्तरांचा हात धरायचात?"

"सुरुवातीला." त्यांनी आपला उजवा तळवा उलटासुलटा करून पाहिला. "नंतर जोडी होती मला. गार हात. ओल्या मातीत हात घातल्यावर लागतं ना, तसा. बोलायची नाही. फाटकाशी तेवढं विचारायची, सुटलो? ती विचारेपर्यंत आपण सोडायचं नाही. सोडता यायचंच नाही."

"कोण होती?"

"पाहिलं कोणी? रांगेत समोर बघून चालायचं असा नियम होता." ते पुन्हा हसले, पण आधीसारखं नाही. "लहानपणीचे खेळ हो सगळे. लिहू नका हे."

मी लिहिलं नाही. मात्र घरी जाताना विचारात पडलो. शिंपीकाकांचं आणि भिंगरीचं कधी बोलणं झालेलं नव्हतं. झालं असेल, मी स्वतःला बजावलं. वसाहत ती केवढीशी. कावळा बसायला आणि फांदी तुटायला असे योग रोज येतात.

शंभरीच्या निमित्ताने समितीने माझी एक जुनी सूचना मान्य केली. शाळेच्या मागच्या भिंतीत दुसरं फाटक काढायचं. मागच्या गल्लीतल्या पोरांना मैदान, चढण, रस्ता असा उगाच वळसा पडायचा. आमचं घरही त्याच गल्लीत. जागा मी स्वतः मोजून दिली. गवंड्याने भिंत फोडली, हिरवं फाटक बसलं, आणि पहिल्या दिवशी भिंगरीला घ्यायला मी छाती काढून तिथे उभा राहिलो.

घंटा झाली. मागच्या गल्लीतली पोरं नव्या फाटकातून धावतच बाहेर पडली. रांग नाही, जोडी नाही. सगळ्यांत शेवटी भिंगरी आली, उजवा हात बाजूला धरून. फाटकाच्या आत थांबली.

"चल ना ग."

"आजोबा, ती विचारत नाहीये."

"काय?"

"सुटलो विचारत नाहीये. तिला हे फाटक माहीत नाही."

"मग तू म्हण आणि ये. हे फाटक आजोबांनी केलंय, इथे आजोबांचा नियम."

तिने बाजूला पाहिलं. हळूच म्हणाली, "सुटलो." आणि बाहेर आली.

तिचा हात तसाच होता.

गल्लीतून येताना ती डाव्या कडेने चालली, भिंतीला घासून, उजवीकडे एका माणसाची जागा सोडून. घराच्या दारातून तिरकी आत शिरली. डाव्या हाताने जेवली. लेकीने सदरा बदलायला घेतला, तर उजवी बाही निघेना. मूठ घट्ट मिटलेली, जशी कोणाच्या तरी बोटांभोवती.

"नाटकं पुरे हं," लेक म्हणाली.

"आई, ती सोडत नाही. मी काय करू?" भिंगरी रडत नव्हती. तिला ते सांगायलाही अवघड वाटत होतं.

सकाळी तिचा हात पलंगाखाली लोंबत होता. खाली फरशीवर लालसर ओल होती. लेकीने ती पुसली आणि फडकं नाकाशी नेलं; ओल्या मातीचा वास होता. माझ्याकडे पाहिलं. मी नळ गळत असेल म्हणालो. त्या खोलीत नळ नाही.

डॉक्टरांनी हात तपासला, हाड ठीक, नस ठीक. "धक्का बसला असेल कसला तरी, सुटेल आपोआप," म्हणाले. लेकीने त्यांना बोटं दाखवली. पांढरी पडली होती, आणि मागच्या बाजूला चार लहान लहान खळगे होते. डॉक्टरांनी चष्मा पुसला आणि मलम लिहून दिलं.

त्या दिवशी लेक स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी होती. "बाबा, मला भीती वाटते," ती म्हणाली. माझी लेक रात्रंदिवस जखमा बांधते. तिच्या तोंडून हे वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं.

मलाही वाटत होती. पण घरात कोणी तरी न घाबरलेलं असावं लागतं, आणि ते काम पहिल्यापासून माझ्याकडे आहे. मी सरळ हिशेब केला. गाठ पोरीच्या मनातली आहे. मनातली गाठ मनाच्या रीतीने सोडवायची. जिथून बिघडलं तिथून पुन्हा मोजायचं.

सुट्टीच्या दिवशी भर दुपारी तिला जुन्या फाटकाशी नेलं. मैदान रिकामं होतं. ऊन इतकं, की विटांचा वास येत होता. आम्ही आत शिरून खाली उतरलो, मैदान ओलांडलं, आणि पडवीपासून परत रांगेसारखे चालत चढण चढलो. मी पुढे, भिंगरी मागे.

फाटकाशी थांबलो.

"आता विचारेल ती?"

भिंगरीने वाट पाहिली. मीही पाहिली. गळका नळ तेवढा ऐकू येत होता.

"नाही विचारत," ती म्हणाली. "आजोबा, तिला आता सुटायचंच नाहीये."

ती डाव्या हाताने मूठ उकलायला लागली, उकलेना. मग मात्र माझ्याच्याने बघवेना. मुलं विषम असली तर उरलेल्याचा हात मोठ्यांनी धरायचा, हीसुद्धा पद्धतच होती की.

मी खाली वाकलो. डावा हात पुढे केला.

"तिचा हात माझ्या हातात दे."

"तुमच्या?"

"मला कुठे जोडी आहे?"

तिने आपली मूठ माझ्या तळव्यावर ठेवली. मी बोटं मिटली. तिची बोटं एकेक करून उलगडली, गरम, घामेजलेली. तिने हात काढून घेतला.

माझ्या मुठीत हात होताच.

"सुटले!" भिंगरी ओरडली. दोन्ही हात वर करून रस्त्यावर गोल गोल फिरली. मी हसलो. खरंच हसलो, त्या क्षणी मला दुसरं काही नको होतं.

इतिहास छापून झाला. समारंभात माझा सत्कार झाला, शाल त्यांनी खांद्यावर टाकली, नारळ मी एकाच हाताने घेतला. हिरवं फाटक बंद करायला मीच सांगितलं. माप चुकलं म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा म्हणालो. भिंगरीच्या वर्गात एका लोहाराची मुलगी आली, दोघींची जोडी जमली, आता घरी आली की त्या मुलीच्याच गप्पा. आत्याचं नाव कोणी काढत नाही. लेक पुन्हा गुणगुणत भाजी चिरते.

मला काही त्रास नाही. लोक आजार सांगत बसतात, तसं सांगण्यासारखं काही नाही. रोज शाळा सुटायच्या वेळी मी जुन्या फाटकाशी जाऊन उभा राहतो. पोरं विचारतात, पोरं उत्तर देतात, उधळतात. मी सगळे जाईपर्यंत थांबतो. मग घरी येतो, भिंतीच्या कडेने.

काल संध्याकाळी लेक चहा घेऊन आली. मी पडवीत बसलो होतो.

"बाबा, घरातसुद्धा काय हो तो हात शालीत गुंडाळून बसता? एवढं गार आहे का?"

"मला नाही," मी म्हणालो. "तिला वाजते थंडी."

लेकीने अंगणात खेळणाऱ्या भिंगरीकडे पाहिलं, आणि आत जाऊन तिचा स्वेटर घेऊन आली.